डेलोसच्या टाक्यातले बेडूक

"बाबा, टोपी घालू नका!" याकोवोस ओरडला, पण उशीर झाला होता.

बाबांनी खुर्चीवरची रखवालदाराची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि पुढच्याच क्षणी दचकून भिरकावून दिली. टोपीतून एक हिरवा बेडूक टुणकन टेबलावर उतरला. एक उडी टोमॅटोच्या फोडींवर, दुसरी चीजच्या बशीत आणि तिसऱ्या उडीला दाराबाहेर!

"सातवा!" याकोवोसने जाहीर केलं. दहा वर्षांच्या याकोवोसला काहीही मोजल्याशिवाय चैन पडत नसे. "एक माझ्या बुटात, दोन मोरीत, तीन ओट्याखाली आणि हा टोपीतला."

"आणि चीजमध्ये पाय बुडवून गेला!" अनुसो खदखदून हसली. "बशी कुणाला हवी? मला नको!"

बाबांनी टोपी झटकली, आत दोनदा डोकावून बघितलं आणि मगच घातली. "उन्हाळा आहे. बेडूक सावली शोधतात. त्यात एवढं काय?"

"दर उन्हाळ्यात मी इथेच असते, बाबा," झाम्पेता म्हणाली. "आजवर त्यांना तुमच्या टोपीची सावली लागली नव्हती."

झाम्पेता तेरा वर्षांची. याकोवोसची मोठी बहीण. शेजारच्या मिकोनोस बेटावरच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की दोघं भावंडं आपापलं गाठोडं घेऊन बाबांकडे डेलोस बेटावर येत. तिथे गाव नाही, दुकान नाही. पडकी देवळं, बिनछपराची घरं, संगमरवरी सिंह आणि त्यांच्या पाठीवर ऊन खाणारे सरडे. सकाळी पर्यटकांच्या बोटी येत, दुपारी परत जात. मग बेट रखवालदारांचं आणि झाम्पेता-याकोवोसचं! अनुसो झाम्पेताच्याच वर्गातली. तिचे वडील पर्यटकांची बोट चालवत. रविवारी ती एका दिवसासाठी म्हणून आली आणि त्याच संध्याकाळी मेल्तेमी सुटला. हा उत्तरेचा वारा एकदा पिसाळला की बोटी बंदरातून हलत नाहीत. आज गुरुवार. तीन दिवस बेटावर कुणी आलं नव्हतं की गेलं नव्हतं.

"बेडूक राहतात कुठे?" अनुसोने विचारलं.

"टाक्यात," दोघं भावंडं एकदम म्हणाली, आणि तिघंही दाराबाहेर पळाली.

"दोरीच्या आत जायचं नाही!" बाबांचा आवाज वाऱ्याबरोबर मागून आला.

नाट्यगृहाच्या उतारावर पडणारं पावसाचं पाणी साठवायला दोन हजार वर्षांपूर्वी हे प्रचंड टाकं बांधलं होतं. वर दगडी कमानींची रांग, खाली हिरवं पाणी आणि त्यात बेडकांची अखंड शाळा. इतर वेळी त्यांचा गलका बंदरापर्यंत ऐकू यायचा. आज मात्र सगळं गप्प होतं. वाऱ्याची शीळ तेवढी घुमत होती.

तिघं टाक्याभोवती बांधलेल्या दोरीपाशी पोटावर झोपून आत डोकावली.

"ताई, पाणी कुठे गेलं?" याकोवोस कुजबुजला.

भिंतीवर जुन्या पाण्याची हिरवी रेघ होती. तिच्या खाली चांगला पुरुषभर उंचीचा गिलावा उघडा पडून पांढरा होत चालला होता. तळाशी कोपऱ्यात थोडं पाणी, बाजूला चिखलाची डबकी, आणि त्यांत शेकडो बेडूकमासे शेपट्या हलवत एकमेकांवर चढत होते.

"ए पोरांनो! उठा तिथून!"

उंचापुरा, गवती टोपीवाला माणूस तरातरा येत होता. हा अर्गिरिस ठेकेदार. पर्यटकांसाठी नवी पायवाट बांधायचं काम त्याच्याकडे होतं आणि महिनाभर तो दोन गवंड्यांसह बेटावर मुक्कामाला होता.

"टाक्यातलं पाणी आटलंय, काका," झाम्पेता म्हणाली.

"मग? आटतंच! सूर्य दिसतो ना डोक्यावर? पुन्हा इथे दिसलात तर तुझ्या बापाची तक्रार वर करीन. पळा!"

याकोवोसने उठता उठता जीभ दाखवली. झाम्पेता चालता चालता एकदम थांबली.

"सूर्य पितो म्हणे! किती पितो ते बघू या."

तिने घरून बादली आणली, पाण्याने भरली आणि टाक्याजवळच, पण दोरीच्या बाहेर, भर उन्हात ठेवली. आत कोळशाने रेघ मारली. टाक्याच्या भिंतीवर पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे तेही वहीत चितारून घेतलं.

शुक्रवारी सकाळी बादलीतलं पाणी अर्धं बोट उतरलं होतं. टाक्यातलं उतरलं होतं दीड वीत.

"एकच सूर्य," अनुसो म्हणाली, "बादलीतून चमच्याने पितो आणि टाक्यातून घागरीने!"

झाम्पेताने वही बाबांपुढे धरली. बाबांनी ती नीट बघितलीसुद्धा नाही. वाऱ्यामुळे त्यांचे जोडीदार मिकोनोसलाच अडकले होते. चार दिवस एकटे पहारा देऊन त्यांचे डोळे लाल झाले होते.

"दगडाला भेगा असतील, पाणी झिरपत असेल. एव्हान्थियाबाई आल्या की सांगू." एव्हान्थियाबाई म्हणजे डेलोसच्या उत्खननाच्या प्रमुख. त्याही मिकोनोसलाच होत्या. "आणि अर्गिरिसच्या वाटेला जाऊ नका. काम वेळेत झालं नाही तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल."

"पण बाबा, बेडूक मरताहेत!"

"झाम्पेता, पुरे!"

ती वही घेऊन बाहेर आली आणि पायरीवर धपकन बसली. समोर उतारावर दोन्ही गवंडी सिमेंट कालवत होते. फावडं पडत होतं, उचललं जात होतं. चपक्, चपक्. झाम्पेता ते बघत राहिली आणि हळूहळू तिच्या भुवया वर चढल्या.

"अनुसो, यांचं पाणी कुठून येतं?"

"मिकोनोसहून. पाण्याची बोट येते ना एक दिवसाआड. ते निळे ड्रम भरून देते."

"शेवटची कधी आली?"

"शनिवारी. त्यानंतर वारा..." अनुसो बोलता बोलता थांबली. "अगं बाई!"

"सहा दिवस झाले! बोट नाही, पाणी नाही. मग सिमेंट कशात कालवतात, थुंकीत?"

दुपारी बेटावर सगळं निपचित होतं. जेवून बाबा आडवे झाले. दगड इतके तापले होते की सरडेसुद्धा एकेक पाय उचलून विसावा घेत होते. टाक्याच्या वरच्या अंगाला एका पडक्या घराची कमरेएवढी भिंत होती. तिच्याआड तिघं दबा धरून बसली.

"मला शिंक येतेय," याकोवोस म्हणाला.

"गिळ!"

"शिंक गिळतात का?"

"गप्प!" झाम्पेताने त्याचं डोकं खाली दाबलं.

एक गवंडी इकडेतिकडे बघत आला. वाळलेल्या काटेरी झुडपांचा भारा त्याने बाजूला केला. त्याच्याखाली मनगटाएवढा जाड काळा पाइप होता! त्याने पाइपचं तोंड टाक्यात सोडलं आणि हात वर करून इशारा केला. उताराच्या पलीकडे पंप धडधडायला लागला. वारा उलटा वाहत होता, त्यामुळे रखवालदाराच्या घरापर्यंत तो आवाज पोचणं शक्यच नव्हतं.

"चोर!" याकोवोस दातओठ खात म्हणाला. "मी पाइप कापतो. माझ्याकडे चाकू आहे."

"कापलास तर आपणच गुन्हेगार ठरू. ड्रमपाशी काय चाललंय ते बघून ये आधी. दिसू नकोस!"

याकोवोस खारीसारखा सटकला. पाच मिनिटांत परतला तो डोळे विस्फारून. "ड्रम भरतायत! आणि ताई, पाण्याबरोबर बेडूकमासेही येतायत. एक माझ्यासमोर पाइपातून बाहेर पडला आणि ड्रममध्ये पोहायला लागला!"

खाली टाक्यात पाइप उरलंसुरलं पाणी घळाघळा ओढत होता. डबक्यातले बेडूकमासे प्रवाहाबरोबर त्याच्या तोंडाकडे खेचले जात होते. झाम्पेताने ते बघितलं. तिने दोरीकडे बघितलं. बाबांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मग तिने चपला काढल्या, दोरी उचलली आणि टाक्याच्या पायऱ्या उतरून गेली.

"झाम्पेता!" अनुसो ओरडली आणि तिच्या मागोमाग तीही उतरली.

दोघींनी मिळून पाइपचं तोंड पाण्यातून उचललं आणि कोरड्या पायरीवर घेतलं. फुर्र फुर्र करत पाइप हवा ओढू लागला. पलीकडचा पंप खोकला, गुरगुरला आणि बंद पडला. दोघी पाइपवर ठाण मांडून बसल्या. मागून याकोवोस आला आणि अनुसोच्या मांडीवरच बसला.

अर्गिरिस धावत आला. वरून त्याचा लाल चेहरा दिसला.

"पाइप सोडा!"

"नाही सोडणार!" झाम्पेता म्हणाली. तिने पाइप आणखी घट्ट धरला.

"मूर्ख मुली, सडकं पाणी आहे ते! शेवाळ आणि बेडूक! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"तुम्हाला आमच्या बेटाचा जुना कायदा माहीत नाही का, काका? इथे कुणी मरायचं नाही! मरायला टेकलेल्या माणसालासुद्धा होडीत घालून पलीकडच्या बेटावर नेत. बेडकांना तुम्ही कोणत्या होडीत घालणार?"

अनुसोला अशा वेळीही हसू फुटलं. अर्गिरिसला मात्र नाही.

"बघतोच तुमच्याकडे!" म्हणत तो थेट रखवालदाराच्या घराकडे गेला.

झोपेतून उठवलेले बाबा शर्टाची बटणं लावत आले, तोवर गवंड्याने पंपाकडून पाइप ओढून घेतला होता. तिघांचं वजनही त्याला रोखू शकलं नाही. झुडपं पुन्हा जागच्या जागी होती. उरली होती ती टाक्यात चिखलाने माखलेली तीन मुलं, दोरीच्या आत!

"बघा, फ्रांगिस्कोस!" अर्गिरिस हात पसरून म्हणाला. "पर्यटकाने पाय ठेवला तर तुम्ही शिट्टी मारता. आणि तुमचीच पोरं आत धुडगूस घालतात!"

"बाबा, ते पंपाने पाणी चोरतात! आम्ही पाहिलं!"

"पंप माझाच आहे. ड्रममधून पाणी वर चढवायला लागतो," अर्गिरिस शांतपणे म्हणाला. "आणि ड्रममध्ये मिकोनोसचं पाणी आहे. जपून वापरतो, म्हणून पुरतं."

बाबांनी दोरी वर उचलून धरली. "वर या. काकांची माफी मागा."

"दोरी ओलांडली त्याची शिक्षा द्या," झाम्पेता म्हणाली. "हवं तर आठवडाभर घरात कोंडा. पण यांची माफी मी मागणार नाही."

"मीही नाही," अनुसो म्हणाली.

"मी तर मुळीच नाही!" याकोवोसने पाय आपटला आणि चिखल उडून अर्गिरिसच्या विजारीवर बसला.

त्या संध्याकाळी बाबांनी कलिंगड कापलं, फोडी तिघांपुढे ठेवल्या आणि स्वतः न खाता बाहेर जाऊन बसले. झाम्पेतानेही आपली फोड बाजूला सारली. बाबांनी आपल्याला खोटं ठरवलं, हे तिला अर्गिरिसच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

"उद्या वारा पडेल," अनुसो म्हणाली. बोटीवाल्याचीच मुलगी ती! आभाळाचा रंग तिला कळायचा. "बाई येतील. पण पाइप तर त्यांनी लपवला. दाखवायचं काय?"

"ड्रम!" याकोवोस म्हणाला. "माझा बेडूकमासा आहे ना आत!"

झाम्पेताने त्याच्याकडे बघितलं आणि दुपारनंतर पहिल्यांदा हसली. तिघांची डोकी एकत्र आली.

शनिवारी सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता. अनुसोच्या वडिलांची बोट धक्क्याला लागली. अनुसोला बघून ते इतके खूश झाले, की तिच्या केसांतला चिखल त्यांना दिसलाच नाही. त्यांच्या मागून एव्हान्थियाबाई उतरल्या. साठीच्या, बुटक्या, उन्हाने रापलेल्या. हातात काठी आणि गळ्यात भिंग. अर्गिरिस आधीच पुढे होऊन उभा होता.

"या, बाई, या! पाच दिवस वारा होता, पण काम थांबू दिलं नाही. अर्धी पायवाट तयार आहे!"

"पाच दिवस?" बाई कौतुकाने म्हणाल्या. "पाणी कसं पुरवलंत?"

"नियोजन!" अर्गिरिस हसला. त्याने बाईंना निळ्या ड्रमांपाशी नेलं आणि एका ड्रमवर थाप मारली. "मिकोनोसचं गोडं पाणी. घराच्या नळासारखं स्वच्छ!"

"काका," झाम्पेता पुढे झाली. तिच्या हातात काचेचा लख्ख ग्लास होता. "उकडतंय फार. तुम्ही केव्हापासून उन्हात उभे आहात. एक ग्लास पाणी प्या ना."

अर्गिरिसच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. "मला तहान नाही."

"पण पाणी गोडं आहे ना?"

"झाम्पेता!" बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज चढला नाही. ते ठेकेदाराकडे बघत होते.

"बाहेरून आलेल्या बाईंना आधी द्या," अनुसो म्हणाली. "बोटीवर किती ऊन लागलं असेल!"

"दे बाळ, खरंच तहान लागली आहे," बाई म्हणाल्या.

"नको, नको!" अर्गिरिस झटकन आडवा आला. "ते... ते कामाचं पाणी आहे."

"आत्ता तर घराच्या नळासारखं होतं!" याकोवोस त्याच्या काखेखालून शिरला आणि त्याने ड्रमची तळाची तोटी फिरवली. झाम्पेताने ग्लास खाली धरला. पाणी धो धो आलं. हिरवट पाणी! तिने ग्लास उन्हासमोर उंच धरला.

ग्लासात दोन काळे ठिपके होते. दोघांनाही शेपट्या होत्या. एक शेपटी वळवळली.

बाईंनी गळ्यातलं भिंग डोळ्यांशी लावलं, एक बेडूकमासा बघितला, मग दुसरा.

"अर्गिरिस," त्या हळूच म्हणाल्या, "मिकोनोसच्या नळाला हल्ली शेपट्याही फुटायला लागल्यात वाटतं!"

अनुसोचे वडील इतक्या मोठ्याने हसले की धक्क्यावरचे पक्षी उडाले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या काठी टेकत, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने चढावर निघाल्या. मागोमाग सगळे. वाटेत मुलांनी पाइप, बादली, वही, सगळं सांगून टाकलं.

टाक्याच्या काठावर त्या गुडघे टेकून बसल्या. उघडा पडलेला गिलावा उन्हाने तडकला होता. एका जागी भिंतीचे तीन दगड तळहाताएवढे आत सरकले होते. त्यांच्यावर कमानीचा पाय होता.

"दोन हजार वर्षं आतलं पाणी ही भिंत रेटून धरत होतं," बाई म्हणाल्या. "बाहेरून मातीचा भार, आतून पाण्याचा. तुम्ही पाणी काढलंत. आणखी चार दिवस गेले असते तर भिंत आत आली असती आणि कमान तिच्यावर! कशासाठी? बोटीची वाट बघायची नव्हती म्हणून?"

"मला काय माहीत..." अर्गिरिस पुटपुटला. "घाण पाणी, वाटलं कुणाच्या उपयोगाचं नाही."

"या तिघांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

अर्गिरिसने गवती टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

काम तिथल्या तिथे थांबलं. अनुसोच्या वडिलांच्या बोटीतून लाकडी धिरे आणले गेले. दुपारपर्यंत बाबांनी, दोन्ही गवंड्यांनी आणि खुद्द अर्गिरिसने घाम गाळत कमानीला टेकू दिले. ऊन लागू नये म्हणून वर ओली गोणपाटं पसरली. मुलांनी चाळणीने ड्रमांमधले बेडूकमासे वेचून पुन्हा टाक्यातल्या पाण्यात सोडले. एकशे बारा! मोजले कुणी, ते सांगायला नकोच.

सगळं झाल्यावर बाईंनी झाम्पेताची वही मागून घेतली. कोळशाची रेघ, बादली, भिंतीचे दगड, दीड वीत. त्यांनी प्रत्येक पान उलटून बघितलं.

"माझ्याकडे विद्यापीठातून शिकलेले लोक येतात," त्या म्हणाल्या. "त्यांतल्या किती जणांना शेजारी बादली ठेवायचं सुचलं असतं, कोण जाणे. शाबास, पोरींनो! शाबास, याकोवोस! ही कमान उभी आहे ती तुमच्यामुळे."

याकोवोसचे कान लाल झाले. अनुसोच्या वडिलांनी तिला खांद्यावर उचललं. ती "अहो बाबा, मी बारा वर्षांची आहे!" असं ओरडत राहिली.

बाबा मात्र घरात गेले. झाम्पेता दारात जाऊन उभी राहिली. ते टेबलाशी बसून कार्यालयाला पाठवायचा अहवाल लिहीत होते.

"मी तुझी वही बघायला हवी होती," ते मान वर न करता म्हणाले. "तू मला दोनदा सांगितलंस. दमलो होतो, हे काही कारण नाही. चुकलो."

झाम्पेता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"एक अडचण आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही दोरीच्या आत गेलात. रखवालदार आहे मी. हे लपवता येणार नाही."

"लपवू नका. लिहा, गेलो म्हणून."

"कार्यालयातून विचारतील, मुलांना समज दिली का? पुन्हा असं करणार नाहीत ना?"

झाम्पेताने अर्धा लिहिलेला अहवाल बघितला. "पुन्हा कुणी टाकं रिकामं करायला लागलं आणि मोठ्यांनी ऐकलं नाही, तर पुन्हा जाऊ."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग लेखणी उचलली आणि तिचं वाक्य एकही शब्द न बदलता कागदावर उतरवलं. खाली त्यांनी ठळक अक्षरांत सही केली.